वारशात आलेली डिरेक्टरी : मूळचं काय, मागाहूनचं काय

विंडोजवर चालणाऱ्या कचेरीत संगणक पाच-सहा वर्षांनी बदलतात, सर्व्हर त्याहून थोडे उशिरा, आणि ते सांभाळणारी माणसं बऱ्याचदा त्याआधीच. डिरेक्टरी मात्र तीच राहते. सकाळी कामाच्या संगणकात आपण नाव आणि पासवर्ड घालतो तेव्हा हा माणूस आपला आहे का, आणि असल्यास त्याला कुठली फाइल, कुठला प्रिंटर, कुठला सर्व्हर वापरू द्यायचा, याचा निवाडा ज्या यादीवरून होतो ती ही डिरेक्टरी. मायक्रोसॉफ्टने ती ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ या नावाने फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० सर्व्हरबरोबर आणली. आज जगभरातल्या मोठ्या कंपन्या, बँका, कॉलेजं आणि सरकारी कार्यालयांतला मोठा हिस्सा तिच्यावर चालतो. वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना तिचं नावही ठाऊक नसतं, आणि तशी गरजही नसते.

तिचं आयुष्य लांबतं याचं कारण साधं आहे. नवा सर्व्हर आला की त्याला जुन्या डोमेनमध्ये, म्हणजे त्या डिरेक्टरीखाली चालणाऱ्या खाती-संगणकांच्या गोतावळ्यात, डोमेन कंट्रोलर (डिरेक्टरीची प्रत बाळगून लॉगिन तपासणारा सर्व्हर) म्हणून सामील करतात, डिरेक्टरीची पूर्ण प्रत त्याच्यावर उतरते आणि मग जुना सर्व्हर निवृत्त होतो. यंत्र नवं येतं, आतला मजकूर जुनाच राहतो. त्यामुळे २००२ साली जन्मलेलं डोमेन आज विंडोज सर्व्हर २०२२ वर बिनबोभाट चालू असू शकतं, आणि त्यात २००२ सालचे निर्णयही तसेच असू शकतात.

अशा डोमेनचा ताबा ज्याच्याकडे येतो त्याची अडचण तांत्रिक असण्याआधी ऐतिहासिक असते. आधीचा ॲडमिन नोकरी सोडून गेलेला, त्याच्या आधीच्याचं नाव कुणाला आठवत नाही, हाती आलेल्या कागदात चार पासवर्ड आणि एक सल्ला : ‘चाललंय ना, मग हात लावू नका.’ हा सल्ला आपल्याकडे इतका रुजलाय की कित्येक ठिकाणी तेच सुरक्षा धोरण होऊन बसतं. पण कधीतरी ऑडिटर येतो आणि विचारतो, हे सेटिंग असं का? मायक्रोसॉफ्टने दिलंय म्हणून, की तुम्ही केलंय म्हणून? या साध्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, तोवर ते सेटिंग बदलायला हात धजावत नाही आणि ठेवायला कारणही सापडत नाही.

उत्तर शोधायला निघालं की लवकरच ध्यानात येतं की ‘मूळ सेटिंग’ नावाची एकच एक गोष्ट नाही. डोमेन जन्मलं त्या दिवशी त्या आवृत्तीने जे लिहिलं ते एक. रकाना रिकामा असेल तर आतला प्रोग्रॅम मनाशी जे धरून चालतो ते दुसरं. आणि आज कोरं डोमेन उभारलं तर त्यात जे येईल ते तिसरं. इंटरनेटवर ‘डीफॉल्ट व्हॅल्यू’ म्हणून जे तक्ते फिरतात ते बहुधा या तिसऱ्या प्रकारचे असतात, आणि जुन्या डोमेनला तेच तक्ते लावल्याने निम्मा घोळ होतो. म्हणून पहिला प्रश्न ‘डीफॉल्ट काय?’ हा नसून ‘हे डोमेन जन्मलं कधी, आणि कुठल्या आवृत्तीवर?’ हा आहे.

जन्मतारीख सापडते. डिरेक्टरीतल्या प्रत्येक नोंदीवर ती कधी तयार झाली याचा रकाना असतो, आणि तो सगळ्या डोमेन कंट्रोलरवर सारखाच असतो. (शेवटचा बदल कधी झाला हे सांगणारा रकाना मात्र प्रत्येक सर्व्हरवर वेगळा असू शकतो, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नये.) ‘डोमेन ॲडमिन्स’सारख्या जन्मजात गटाची निर्मितीची तारीख पाहिली की डोमेनचा वाढदिवस कळतो. पुढे आवृत्त्या कशा बदलत गेल्या हे स्कीमावरून कळतं. स्कीमा म्हणजे डिरेक्टरीत कुठल्या प्रकारच्या नोंदी असू शकतात आणि त्यांना कुठले रकाने असतात याचा आराखडा. त्याला एक क्रमांक असतो : विंडोज २००० चा १३, २००३ चा ३०, २००८ चा ४४, २०१२ आर-टूचा ६९, २०१६ चा ८७, २०१९ आणि २०२२ या दोन्हींचा ८८. हा क्रमांक फक्त आजची पायरी सांगतो. मधल्या पायऱ्या हव्या असतील तर स्कीमातल्या सगळ्या नोंदी निर्मितीच्या तारखेप्रमाणे लावून पाहाव्यात. शेकडो नोंदी एकाच दिवशीच्या दिसतात, मग काही वर्षांची शांतता, मग पुन्हा एका रात्रीत झुंडीने आलेल्या नोंदी. प्रत्येक झुंड म्हणजे एक अपग्रेड, किंवा एक्सचेंजसारख्या मेल सर्व्हरची स्थापना. कुणी काही लिहून ठेवलेलं नसलं तरी हा इतिहास पुसता येत नाही, कारण स्कीमात एकदा घातलेली गोष्ट निष्क्रिय करता येते, काढून टाकता येत नाही.

जन्म कळला की जन्मजात मंडळी ओळखायची. इथे ॲक्टिव्ह डिरेक्टरीने एक मोठी सोय करून ठेवली आहे. प्रत्येक खात्याला आणि गटाला एक लांबलचक ओळखक्रमांक असतो, त्याचा शेवटचा भाग त्या डोमेनपुरता अनुक्रमांक. मूळ ॲडमिनिस्ट्रेटर खात्याचा हा शेवटचा आकडा जगातल्या प्रत्येक डोमेनमध्ये ५०० असतो. गेस्टचा ५०१, लॉगिननंतर ओळखीदाखल मिळणाऱ्या तिकिटांवर शिक्का मारणाऱ्या ‘केआरबीटीजीटी’ या खात्याचा ५०२, डोमेन ॲडमिन्स गटाचा ५१२, डोमेन युजर्सचा ५१३, स्कीमा ॲडमिन्सचा ५१८, एंटरप्राइज ॲडमिन्सचा ५१९. माणसांनी नंतर तयार केलेल्या सगळ्या गोष्टी हजाराच्या पुढे. सुरक्षेसाठी म्हणून कुणीतरी ॲडमिनिस्ट्रेटरचं नाव बदलून ‘सुरेश’ करून ठेवलेलं असतं आणि त्याच वेळी ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ या नावाचं एक बिनअधिकाराचं सोंगही उभं केलेलं असतं. नावाने फसायला होतं, पण शेवटी ५०० दिसला की सुरेश कोण ते उघड होतं. (हल्लेखोरही नेमकं हेच पाहतो, म्हणून नाव बदलण्याच्या या उपायावर मी फारसा विश्वास ठेवत नाही.)

नियमाला अपवाद आहेत. डीएनएस सेवेबरोबर येणारा ‘डीएनएस ॲडमिन्स’ हा गट मायक्रोसॉफ्टचाच, पण त्याचा आकडा हजाराच्या वरचा असतो, कारण तो डोमेनच्या जन्मानंतर, सेवा बसवताना तयार होतो. एक्सचेंजचे गटही तसेच. शिवाय हजारापुढचे आकडे काटेकोर क्रमाने वाटले जातात असं नाही. प्रत्येक डोमेन कंट्रोलरला ५००-५०० आकड्यांचा गठ्ठा मिळतो आणि तो आपापल्या गठ्ठ्यातून खर्च करतो. त्यामुळे मोठा आकडा म्हणजे साधारण नंतरचं खातं, एवढंच म्हणता येतं. दुजोरा हवा असेल तर ‘ही नोंद यंत्रणेसाठी अत्यावश्यक आहे’ असं सांगणारा एक वेगळा रकाना असतो. जन्मजात नोंदींवर तो ‘होय’ असतो.

रचनेतही खुणा असतात. कोऱ्या डोमेनमध्ये ‘युजर्स’ आणि ‘कॉम्प्युटर्स’ या नावाचे दोन साधे कप्पे असतात, आणि ज्याला ग्रुप पॉलिसी (एकगठ्ठा लागू होणारा सेटिंग्जचा संच) जोडता येते असा खरा विभाग, म्हणजे ओयू, एकच : ‘डोमेन कंट्रोलर्स’. बाकी जे ओयू दिसतील ते सगळे कुणीतरी उभे केलेले. सगळे संगणक अजून ‘कॉम्प्युटर्स’ कप्प्यातच पडून असतील तर समजावं की या डोमेनची मांडणी कुणी कधी केलीच नाही, कारण त्या कप्प्याला पॉलिसी जोडताच येत नाही. तीच गोष्ट साइटची, म्हणजे जाळ्यातल्या एका ठिकाणाची. नव्या डोमेनमध्ये ‘डीफॉल्ट-फर्स्ट-साइट-नेम’ हे विनोदी नाव असलेली एकच साइट असते, तिच्यात एकही सबनेट (त्या ठिकाणच्या आयपी पत्त्यांचा पट्टा) नोंदवलेला नसतो, आणि साइटींमधल्या जोडणीचं मूळ सेटिंग खर्च १०० आणि दर १८० मिनिटांनी देवाणघेवाण असं असतं. मुख्य कार्यालय मुंबईत, शाखा नागपूरला, दोन्हीकडे डोमेन कंट्रोलर, आणि साइट मात्र अजून ती एकच असेल, तर नागपूरच्या संगणकाला आपला जवळचा सर्व्हर कोणता हे कळायला मार्ग नसतो. तो खुशाल मुंबईच्या सर्व्हरकडे लॉगिन करतो, आणि शाखेतले लोक वर्षानुवर्षं लाइनला नावं ठेवतात.

आता ग्रुप पॉलिसी. नव्या डोमेनमध्ये दोनच पॉलिसी असतात, एक सगळ्या डोमेनची आणि एक डोमेन कंट्रोलरांची. दोघींच्या आतल्या ओळखी जगभर त्याच : पहिली ३१बी२एफ३४० ने सुरू होते, दुसरी ६एसी१७८६सी ने. नाव बदललं तरी ही ओळख बदलत नाही, म्हणून मूळच्या दोन कोणत्या याबद्दल शंका उरत नाही. आत काय आहे याबद्दल मात्र उरते. बहुतेक ठिकाणी आधीच्या ॲडमिनांनी वेगळी पॉलिसी बनवायचा कंटाळा करून याच दोघींत वॉलपेपरपासून प्रॉक्सीपर्यंत सगळं कोंबलेलं असतं.

पासवर्डचे नियम पहिल्या पॉलिसीत असतात, आणि जन्मसाल का महत्त्वाचं ते इथे सगळ्यात चांगलं दिसतं. विंडोज २००० च्या डोमेनमध्ये पासवर्डची किमान लांबी शून्य होती आणि अवघडपणाची अट बंद. २००३ पासून नव्या डोमेनमध्ये किमान ७ अक्षरं, अवघडपणाची अट चालू, मागचे २४ पासवर्ड पुन्हा वापरायचे नाहीत, किमान १ दिवस तोच ठेवायचा आणि ४२ दिवसांनी बदलायचा. पण २००० चं डोमेन २००३ वर नेलं म्हणून हे नवे आकडे त्यात आले नाहीत, जुनेच राहिले. तेव्हा एखाद्या वारशातल्या डोमेनमध्ये किमान लांबी शून्य दिसली तर कुणी हलगर्जीपणाने नियम सैल केले असं म्हणायची घाई नको. ते कदाचित पंचवीस वर्षांपूर्वीचं मूळ सेटिंगच असेल, ज्याला कुणी हातच लावला नाही. हलगर्जीपणा तोही आहेच, पण वेगळ्या जातीचा. आणि ४२ दिवस दिसले तर ते ‘सुरक्षा धोरण’ म्हणून मिरवू नये. तो कारखान्यातून आलेला आकडा आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने २०१७ मध्ये ठराविक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये असं सांगितलं, खुद्द मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपल्या शिफारशींच्या संचातून मुदतीची अट काढून टाकली. तरीही कोऱ्या डोमेनमध्ये ती येत राहिली.

पॉलिसीला हात लागलाय का हे तिच्या आवृत्तीक्रमांकावरून कळतं, फक्त तो वाचायची रीत माहीत हवी. हा एकच आकडा दोन मोजण्या पोटात घेऊन असतो : वापरकर्त्यांच्या भागातला प्रत्येक बदल त्यात ६५,५३६ ची भर घालतो, संगणकांच्या भागातला प्रत्येक बदल १ ची. १,९६,६१३ हा आकडा दिसला तर ६५,५३६ ने भागावं : ३ भाग जातो, बाकी ५. म्हणजे वापरकर्त्यांच्या बाजूला तीनदा आणि संगणकांच्या बाजूला पाचदा बदल साठवले गेले. काय बदललं ते कळत नाही, पण ‘आम्ही डीफॉल्ट पॉलिसीला कधी हात लावलेला नाही’ हे विधान तपासायला एवढं पुरतं.

खरा खजिना मात्र याच्याही खाली आहे. एका डोमेनमध्ये अनेक डोमेन कंट्रोलर असतात आणि कुठल्याही एकावर बदल झाला तरी तो सगळीकडे पोचावा लागतो. दोघांवर एकाच रकान्यात वेगवेगळे बदल झाले तर कुणाचा खरा मानायचा हे ठरवण्यासाठी डिरेक्टरी प्रत्येक नोंदीच्या प्रत्येक रकान्यामागे एक छोटी टीप ठेवते : हा रकाना आजवर किती वेळा लिहिला गेला, शेवटचा केव्हा, आणि कुठल्या सर्व्हरवर. ‘रेपॲडमिन’ या मायक्रोसॉफ्टच्याच साधनाने ती वाचता येते. जमिनीचा व्यवहार करताना जाणता माणूस सातबारा पाहून थांबत नाही, फेरफारही काढतो. सातबारा आजची स्थिती सांगतो, ती कशी आली ते फेरफार सांगतो. ॲडमिनच्या पडद्यावर दिसणारं सेटिंग हा सातबारा आणि ही टीप म्हणजे फेरफार. फरक एवढाच की इथे फक्त शेवटचा फेरफार सविस्तर मिळतो, आधीच्यांची नुसती संख्या, आणि तो कुणी केला त्या माणसाचं नाव नाही.

तरीही तिच्यातून केवढं निघतं पाहा. पासवर्डचे नियम पॉलिसीतून शेवटी डोमेनच्या मुख्य नोंदीवर उतरतात. तिथल्या किमान लांबीच्या रकान्यापुढे लेखनाची संख्या १ आणि तारीख डोमेनच्या जन्माची असेल, तर तो आकडा मूळचाच, वादाला जागा नाही. संख्या ४ आणि तारीख मार्च २०११ असेल तर कुणीतरी तो बदलला, आणि त्या महिन्यात कंपनीत काय चाललं होतं हे विचारायला जुना माणूस गाठता येतो. संख्या १ पण तारीख बरीच नंतरची, याचा अर्थ रकाना जन्मतः रिकामा होता आणि कुणीतरी तो पहिल्यांदा भरला. आणि संख्या एकदम एक लाखाच्या वर दिसली तर दचकू नये. कधीतरी मोठी गफलत होऊन बॅकअपमधून ती नोंद परत आणली गेली होती, आणि ‘हीच खरी’ हे इतर सर्व्हरांना पटावं म्हणून साधनाने मुद्दाम आकडा लाखाने वाढवला. त्या रात्री काय झालं होतं याचा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

गटांच्या सदस्यांबाबत तर ही टीप आणखी बारीक आहे. फॉरेस्टची, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या डोमेनांच्या समूहाची, पातळी २००३ किंवा पुढची झाल्यापासून प्रत्येक सदस्य कधी आत आला आणि कधी गेला याची नोंद स्वतंत्रपणे राहते. त्याआधी आलेल्यांपुढे ‘लेगसी’ असा शेरा दिसतो. डोमेन ॲडमिन्समध्ये पंधरा जण आहेत, त्यांतला एकच जन्मजात, चार लेगसी आणि बाकीचे दहा गेल्या सहा वर्षांत आले, असं मांडून दाखवलं की बैठकीत ‘हे पहिल्यापासूनच असं आहे’ म्हणणारे गप्प बसतात. कुणी केलं हे हवं असेल तर सुरक्षा लॉगमध्ये ५१३६ क्रमांकाची घटना शोधावी लागते. पण ती नोंद होण्यासाठी तपासणी आधीपासून चालू केलेली असावी लागते, आणि मूळ सेटिंगमध्ये ती बंद असते.

रिकाम्या रकान्यांनी मात्र फार जणांना फसवलं आहे. याचं नामी उदाहरण म्हणजे टूमस्टोन लाइफटाइम. डिरेक्टरीतून एखादी नोंद पुसली की ती लगेच नाहीशी होत नाही. पुसल्याची खूण काही दिवस ठेवली जाते, म्हणजे सगळ्या सर्व्हरांपर्यंत बातमी पोचते. विंडोज २००० मध्ये ही मुदत ६० दिवस होती आणि ती कुठे लिहिलेली नव्हती. रकाना रिकामा, आणि रिकामा म्हणजे ६० असं प्रोग्रॅम धरून चालायचा. २००३ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून नव्याने उभारलेल्या फॉरेस्टमध्ये १८० हा आकडा स्पष्ट लिहिला जाऊ लागला. जुन्यांत मात्र रकाना रिकामाच राहिला, आणि रिकाम्याचा अर्थही ६० च राहिला. आता कुणी आजचं पुस्तक उघडून ‘मूळ मुदत १८० दिवस’ असं वाचलं, आपला रकाना रिकामा पाहिला आणि ‘म्हणजे १८०’ असं ठरवलं, तर तीन महिने जुना बॅकअप चालेल या भरवशावर तो राहील. तो बॅकअप चालणार नाही. मुदतीपेक्षा जुना बॅकअप डिरेक्टरीच्या कामाचा नसतो.

परवानग्यांचा प्रांत याहून गुंतागुंतीचा, आणि वारशातला सगळ्यात धोकादायक माल तिथेच असतो. प्रत्येक नोंदीवर कोण काय करू शकतो याची यादी असते. नवी नोंद तयार होताना तिला कुठली यादी मिळावी हे स्कीमातच, त्या त्या प्रकारच्या व्याख्येत लिहिलेलं असतं. त्यामुळे मूळ परवानग्या काय होत्या हे शोधायला बाहेर कुठे जावं लागत नाही. स्कीमातली यादी आणि नोंदीवरची यादी शेजारी ठेवून वजाबाकी करायची. उरेल ते मागाहूनचं. ‘डीएसएसीएल्स’ या साधनाला ती यादी पूर्ववत करायची आज्ञाही येते, पण ती देण्याआधी उरलेल्या ओळी वाचाव्यात. त्यात २००९ मध्ये हेल्पडेस्कला पासवर्ड बदलायची दिलेली परवानगी असते, जी आजही रोज वापरात आहे. आणि त्यातच कधीच बंद झालेल्या मेल सर्व्हरच्या गटाला डोमेनच्या मुख्य नोंदीच्या परवानग्याच बदलण्याचा दिलेला अधिकारही असतो. एक्सचेंजचा हा अधिकार इतका मोठा होता की २०१९ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टला अपडेट काढून तो कमी करावा लागला. मेल क्लाउडवर गेली, सर्व्हर भंगारात गेला, पण गट आणि त्याच्या ओळी डिरेक्टरीत तशाच राहतात. त्या रिकाम्या गटात जो स्वतःला घालू शकतो, तो डोमेनचा मालक होऊ शकतो.

वजाबाकीत काही नोंदी विचित्र दिसतात : परवानग्यांचा वारसा तुटलेला, यादी भलतीच. लगेच कुणाच्या खोडीचा संशय घेऊ नये. डोमेन ॲडमिन्ससारख्या बड्या गटांच्या सदस्यांना डिरेक्टरी स्वतःच संरक्षण देते. दर ६० मिनिटांनी एक प्रक्रिया चालते आणि ‘ॲडमिनएसडीहोल्डर’ या नमुना नोंदीवरची यादी त्यांच्यावर ठोकते. गंमत अशी की सदस्य गटातून बाहेर पडला तरी ही ठोकलेली यादी आणि तिची खूण आपोआप निघत नाही. दहा वर्षांपूर्वी दोन आठवड्यांसाठी ॲडमिन झालेल्या अकाउंट्समधल्या माणसाचा पासवर्ड हेल्पडेस्कला आजही का बदलता येत नाही, त्याचं हे उत्तर.

आत्तापर्यंत जे सांगितलं त्यात एक गृहीत होतं की बदल माणसं करतात. ते पूर्ण खरं नाही. मायक्रोसॉफ्टही जुन्या डोमेनच्या पायाखालची जमीन अधूनमधून सरकवते. नोव्हेंबर २०२२ च्या अपडेटने केर्बेरॉस या तिकिटांच्या पद्धतीत, जिथे काही नेमून दिलेलं नाही तिथे, आरसी-फोर या जुन्या कूटलेखनाऐवजी एईएसकडे कल वळवला. रकाने जिथल्या तिथे रिकामे राहिले, रिकाम्याचा अर्थ बदलला. उलट काही बाबतीत कंपनी जुन्यांना मुद्दाम हात लावत नाही. विंडोज सर्व्हर २०२५ वर नवं डोमेन उभारलं तर डिरेक्टरीशी बोलायच्या एलडॅप पद्धतीतल्या संदेशांवर स्वाक्षरी सक्तीची असते. त्याच आवृत्तीवर नेलेल्या जुन्या डोमेनची आधीची पद्धत तशीच राहते. म्हणून ‘आम्ही २०२५ वर आहोत’ याचा अर्थ ‘आमच्याकडे २०२५ ची मूळ सेटिंग्ज आहेत’ असा होत नाही. पॉलिसीच्या फाइली सर्व्हरांमध्ये पोचवणारी जुनी एफआरएस यंत्रणा हे याचंच रूप. अपग्रेडने ती आपोआप बदलत नसे, ॲडमिनने वेगळं स्थलांतर करावं लागे. ज्यांनी ते केलं नाही त्यांना २०१९ चा सर्व्हर डोमेन कंट्रोलर म्हणून जोडायला गेल्यावर कळलं, कारण त्याने अशा डोमेनमध्ये यायलाच नकार दिला.

तुलनेसाठी कोरं डोमेन उभारून पाहणं हा सगळ्यात प्रामाणिक मार्ग. मायक्रोसॉफ्ट १८० दिवसांची चाचणी आवृत्ती फुकट देते. एका वेगळ्या, जाळ्याला न जोडलेल्या आभासी यंत्रावर डोमेन उभारावं, दोन्हीकडची डिरेक्टरी मजकुराच्या फाइलीत उतरवून घ्यावी, तारखा आणि ओळखक्रमांक वगळून फरक काढावा. पहिल्या दिवशी हजारो ओळींचा फरक निघतो आणि जीव घाबरा होतो. त्यातला बराचसा खाती आणि संगणकांच्या नोंदींचा असतो, तो बाजूला काढला की उरलेलं वाचण्याजोगं होतं. डोमेनचा जन्म जुन्या आवृत्तीवरचा असेल तर नव्या आवृत्तीवरचं कोरं डोमेन अर्धंच उत्तर देईल, हे मात्र विसरू नये.

एवढं सगळं ओळखलं की मोह होतो मूळ पदावर जायचा. दोन्ही डीफॉल्ट पॉलिसी जन्मस्थितीला नेणारी ‘डीसीजीपीओफिक्स’ ही आज्ञा मायक्रोसॉफ्टनेच दिली आहे. ती त्या पॉलिसींतले सगळे बदल पुसते, आणि स्वतःच्या आवृत्तीची मूळ सेटिंग्ज लिहिते, तुमच्या डोमेनच्या जन्मावेळची नव्हे. पॉलिसी मोडून पडली आणि बॅकअप नाही, अशा वेळेसाठी ती आहे, साफसफाईसाठी नाही. आणि मुळात ‘मूळचं’ म्हणजे ‘बरोबर’ असं समीकरण मांडायचं कारण नाही. कुठल्याही साध्या वापरकर्त्याला स्वतःच्या जबाबदारीवर १० संगणक डोमेनमध्ये जोडता येतात, हे विंडोज २००० पासूनचं मूळ सेटिंग आहे, आणि हल्लेखोरांनी त्याचा वर्षानुवर्षं उपयोग करून घेतला आहे. तो आकडा शून्य करायला हवा. खातं किती चुकीच्या प्रयत्नांनंतर बंद व्हावं, याचा मूळ आकडा शून्य, म्हणजे कधीच नाही. पुसलेल्या नोंदी सुखरूप परत आणणारं रिसायकल बिन २००८ आर-टू पासून उपलब्ध आहे आणि मुळात बंद असतं. छपाईची कामं रांगेत लावणारा प्रिंट स्पूलर डोमेन कंट्रोलरवरही मुळात चालू असतो; जुलै २०२१ मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ या त्यातल्या सुरक्षादोषाच्या वेळी त्याची किंमत जगाने मोजली. मूळ सेटिंग्ज सुरक्षिततेपेक्षा ‘पहिल्याच दिवशी काही अडू नये’ या विचाराने ठरवलेली असतात, असं माझं मत बनलं आहे, आणि विकणाऱ्याच्या दृष्टीने ते समजण्यासारखंही होतं.

घड्याळाचंही तसंच. केर्बेरॉसला घड्याळांत ५ मिनिटांहून जास्त फरक चालत नाही, आणि डोमेनभर वेळ पसरवण्याचं काम एका ठराविक डोमेन कंट्रोलरकडे असतं. तो स्वतः वेळ कुठून घेतो हे वारशात क्वचितच कुणी तपासलेलं असतं. भारतात २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या निर्देशांनंतर घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या, किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्या वेळेशी लावणं आणि लॉग १८० दिवस जपणं बंधनकारक आहे. विंडोजचं मूळ सेटिंग यांपैकी कशाचीच हमी देत नाही.

असं डोमेन तुमच्याकडे आलं असेल तर बदलायच्या आधी आठवडाभर नुसतं वाचा, आणि दोन्ही मूळ पॉलिसींचा बॅकअप घेऊन ठेवा. मग सगळ्यात आधी ५०२ क्रमांकाच्या केआरबीटीजीटी खात्याचा पासवर्ड शेवटचा कधी बदलला ते पाहा. डोमेनची पातळी २००३ वरून २००८ किंवा पुढे नेताना तो एकदा आपोआप बदलतो, एरवी कधीच नाही. तो ज्याच्या हाती लागला तो कुणाच्याही नावाचं तिकीट स्वतः बनवू शकतो, आणि आजवर येऊन गेलेल्या प्रत्येक डोमेन ॲडमिनला तो मिळवणं शक्य होतं. तारीख डोमेनच्या जन्माची किंवा जुन्या अपग्रेडची निघाली तर याच महिन्यात तो बदला : दोनदा, कारण डिरेक्टरी मागचा एक पासवर्डही मानते, आणि दोन्ही वेळांमध्ये किमान १० तास जाऊ देऊन, कारण तिकिटाचं मूळ आयुष्य तेवढं असतं.